तांबडा रुमाल

"माझ्यावर जीव आहे म्हणतोस ना, मग ते इथे, या नळीला तोंड लावून म्हण," मी निळोला हातांनी सांगितलं. "एकदाच. मग आयुष्यात पुन्हा विचारणार नाही."

निळो हसला. हसू आलं की तो आधी खाली बघायचा, आणि मला वाटायचं, हा काहीतरी लपवतोय. माझा स्वभावच तसा. ताकसुद्धा फुंकून पिणारी मी, आणि त्यासाठी आधी दुधानं तोंड पोळायचीही मला गरज लागत नसे.

"तुला ऐकू तर येणार नाही," त्याचे हात म्हणाले. "मग मी नळीत म्हटलं काय आणि विहिरीत म्हटलं काय, सारखंच."

"मला ऐकायचं नाहीच. मला ज्योत बघायचीय."

त्याचं हसू मावळलं. "दिवा दरबाराचा आहे, साळू. घरच्या कामाला नाही वापरायचा."

"घर? कुठलं घर?"

"आपलं. होणारं."

असं गोड बोलून त्यानं विषय बदलला. त्याच्या हातांना बोलायची फार सवय होती. त्याची आई माझ्यासारखीच बहिरी, त्यामुळे तो तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकला होता. केतकगडावर माझ्याशी धड बोलू शकणारा तो एकटाच, आणि म्हणूनच दफ्तरातल्या या कारकुनाला दरबारानं माझ्यासाठी नेमलं होतं. दरबाराचे हुकूम तो मला हातांनी सांगे. त्या हुकमांमधून बाकीचं केव्हा सुरू झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मी केतकगडची दिवेकरीण होते. वय सत्तावीस, जन्मापासून ठार बहिरी. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं साळुंकी, बोलणाऱ्या पाखराचं. पुढे कळलं की पोरीच्या मागे थाळी आपटली तरी पोर वळत नाही. तेव्हा नाव बदलायचा त्यांना धीर झाला नाही.

गडावर एक साक्षीदिवा होता. त्याच्या बुडाशी तांब्याची एक नळी येई. नळीच्या दुसऱ्या टोकाला तोंड लावून कुणी खरं बोललं तर ज्योत ताठ राही. खोटं बोललं तर ती आडवी पडे, वाऱ्याचं नाव नसताना. दिवा कुणी घडवला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो चुकत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. पूर्वी म्हणे तो भर दरबारात सगळ्यांच्या देखत जळायचा. मग ज्याच्या कमरेला तलवार, तो म्हणायचा, "ही वाऱ्यानं पडली." शेवटी कुणा शहाण्या राजानं दिव्यापुढे जाड पडदा लावला आणि पडद्याआड बसवली बहिरी बाई, तीही अक्षरशत्रू. ज्याला प्रश्न कळतो त्याला ज्योत दिसायची नाही आणि जिला ज्योत दिसते तिला प्रश्न कळायचा नाही. ज्योत ताठ राहिली की मी पडद्यावरून काठीला बांधलेला पांढरा रुमाल उंच करायचा, पडली की तांबडा.

खोटं बोलणाऱ्याला त्याच दिव्यातलं एक पळी तेल पाजत. ते पोटात गेलं की माणसाचा आवाज कायमचा जाई. पळी भरून तोंडाला लावायची तीही मीच. अकरा वर्षांत मी सात जणांचा आवाज घेतला होता, आणि त्यातल्या एकाचाही आवाज कसा होता हे मला माहीत नव्हतं.

भिंतींनाही कान असतात म्हणतात. त्या गडावर कान नसलेली एकटी मी, म्हणून मला मोठा मान होता. मान होता, पण माणूस ठेवायची परवानगी नव्हती. दिवेकरणीला जिव्हाळ्याचं कुणी असलं तर तिचे सगळे कौल रद्द. आपल्याच माणसाची ज्योत पडली तर ती तांबडा रुमाल कशी उचलेल, असा तो हिशेब. म्हणून निळोचं आणि माझं आम्ही दोघांतच ठेवलं होतं. चैत्रात नवी दिवेकरीण येणार होती. तिच्या हाती किल्ली देऊन मी गड उतरायचा आणि खाली त्याच्याबरोबर संसार मांडायचा, असं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे त्यानं ठरवलं होतं. मी अजून विचार करत होते. कारण एक गोष्ट माझ्या मनातून जाता जात नव्हती. दिव्याला आवाज कळतो, हात कळत नाहीत. निळो माझ्याशी जे जे बोलला ते सगळं हातांनी. म्हणजे दिव्यासमोर उभं राहून हवं तितकं खोटं बोलायची सोय असलेला गडावरचा एकमेव माणूस माझ्या वाट्याला आला होता.

त्या वर्षी श्रावणात राजेसाहेब गेले. मुलगा दोन वर्षांचा, म्हणून कारभार मंजुळाराणींनी हातात घेतला. राणीसाहेब मला आवडायच्या. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम तीन खुणा शिकून घेतल्या होत्या: "जेवलीस?", "बस" आणि "छान". एवढ्यावर आमचं बरं चालायचं. पण राजांचे धाकटे भाऊ दादासाहेब यांनी दावा लावला की राजांनी शेवटच्या घटकेला गादी त्यांनाच दिली, आणि त्याला तीन साक्षीदार आहेत. दसऱ्यानंतरच्या पहिल्या दरबारात तिघांना दिव्यापुढे उभं करायचं ठरलं. एवढं गडावरच्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं, तेवढं मलाही होतं.

दरबाराला पाच दिवस उरले असताना गोदी माझ्याकडे आली. गोदी माझा स्वयंपाक करायची. तिच्या माझ्यात काही घरगुती खुणा ठरल्या होत्या. मिशी पिळली की दादासाहेब, कानामागे लेखणी खोवली की निळो. तिनं आधी कानामागे लेखणी खोवली, मग मिशी पिळली, मग दोन बोटं एकमेकांत अडकवली.

"केव्हा?" मी विचारलं.

तिनं दोनदा सूर्य डोक्यावर आणला. दोन दुपारी.

"तू पाहिलंस?"

तिनं स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवलं आणि मग चुलीकडे वळून माझ्यासाठी भाकरी थापायला लागली. मला तिचाही संशय आला. हिला काय पडलंय माझ्या कानी घालायचं? पण संशय एकदा घरात शिरला की तो बसायला पाट कुणी दिला ते बघत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवाघराच्या गच्चीवर वाती वाळत घालायचं निमित्त करून उभी राहिले. तिथून दादासाहेबांचा चौक खाली दिसतो. ऊन चढलं आणि निळो त्या चौकात आला. दादासाहेब स्वतः बाहेर आले. निळोच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलत राहिले. ओठ वाचायची कला मला कधीच आली नाही, आणि एवढ्या उंचावरून ती आली असती तरी उपयोग नव्हता. शेवटी निळोनं मान हलवली. होकारार्थी.

माझ्या हातातल्या वाती खाली उडून गेल्या. मला त्या गोळा करायचंही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो हुकूम सांगायला आला तेव्हा मी दिवा लावून बसले होते.

"काल दुपारी कुठे होतास?"

"दफ्तरात."

"दादासाहेबांच्या चौकात नव्हतास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातांनी स्वच्छ सांगितलं, "नाही."

मी दिव्याकडे बघितलं. ज्योत देवळातल्या समईसारखी ताठ होती. मी माझ्या डोळ्यांनी पकडलेलं खोटं दिव्याच्या तोंडावर सांगितलं गेलं होतं आणि दिवा जागचा हलला नव्हता.

"साळू," तो म्हणाला, "दरबाराच्या दिवशी फक्त ज्योतीकडे बघ. माणसांकडे बघू नकोस. समोर कुणीही असो. जे दिसेल तेच सांग."

"मला शिकवतोस?"

"नाही. मागतोय."

मी डोळे मिटून घेतले. ऐकणाऱ्यांना कान मिटता येत नाहीत, मला येतात. तो माझ्यासमोर किती वेळ हात हलवत उभा होता कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि मला रडू फुटलं. राग म्हणावा तर राग, आणि त्याहून जास्त लाज. बहिऱ्या पोरीला कुणी आपण होऊन विचारलं तर त्यात काहीतरी काम असणार, हे मला वयाच्या बाराव्या वर्षीच कळायला हवं होतं, असं मी स्वतःला म्हणाले.

दरबाराचा दिवस उजाडला. पडद्याआड मी, दिवा, दोन काठ्या आणि माझ्या उजवीकडे, नियमाप्रमाणे दिव्याकडे पाठ करून, निळो. पडदा जमिनीपासून वीतभर वर असे, त्यामुळे पलीकडच्या साक्षीच्या दगडावर उभ्या राहणाऱ्याचे फक्त पाय मला दिसायचे. साक्षीदार बोलून झाला की भालदार काठी आपटे, ती मला तळव्यांना कळे.

पहिले पाय आले, भरजरी जोडे नुकतेच काढलेले, बोटांवर वळ असलेले. काठी आपटली. ज्योत आडवी पडली. तांबडा.

दुसरे पाय दगडाच्या कडेवरच उभे राहिले. ज्योत पडली. तांबडा.

तिसऱ्याच्या वेळी तर काठी आपटायच्या आधीच ज्योतीनं मान टाकली. तांबडा. मी मनात राणीसाहेबांना म्हटलं, "छान."

आता उठायचं, असं मला वाटलं. पण निळो उठू देईना. त्यानं तळहात दाखवला: थांब. जमिनीतून पावलांची धावपळ येत होती, पलीकडे काहीतरी माजलं होतं. निळो पडद्याच्या फटीतून ऐकत उभा होता. मग तो वळला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यानं हात अर्धा उचलला, काही सांगणार असं वाटलं, आणि तसाच खाली घेऊन तो पडद्याच्या कडेनं पलीकडे निघून गेला.

साक्षीच्या दगडावर दोन पाय येऊन उभे राहिले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. ते पाय मी अंधारातही हातानं ओळखले असते.

आलं ध्यानात, मी म्हटलं. तीन साक्षीदार पडले, आता हा चौथा. यासाठीच चौकातली बोलणी, यासाठीच मान हलवणं. राजांच्या शेवटच्या घटकेला मीही हजर होतो म्हणून सांगणार असेल.

काठी आपटली. ज्योत ताठ. नाव-गाव विचारलं असावं. मी पांढरा उंचावला.

मग पुढचा प्रश्न झाला असावा. त्या चढलेल्या करंगळीनं दगड घट्ट धरला. आणि ज्योत पडली. इतकी आडवी पडली की तेलाला टेकली, वात उघडी दिसली. अकरा वर्षांत असं पडणं मी पाहिलं नव्हतं.

काठी आपटली.

माझ्या डाव्या हातात पांढरा होता, उजव्या हाताशी तांबडा. ज्योत मला एकटीला दिसत होती. मी पांढरा उचलला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. आणि खोटं सांगू नये, मी तो उचलायला लागले होते. तो फसवा निघाला तरी त्याच्या तोंडाला ती पळी लावायची माझ्यात ताकद नव्हती. मग मला त्याचं ते "नाही" आठवलं, ताठ ज्योतीसमोर सांगितलेलं. एकदा मला फसवलंस, आता माझ्याकडून सगळ्या राज्याला फसवतोस होय?

मी तांबडा उचलला.

पडदा बाजूला सरला. असं कधी होत नसे. अख्खा दरबार माझ्याकडे बघत होता, म्हातारे न्यायाधीश अप्पाशास्त्रीसुद्धा. दादासाहेब हसत होते, आणि ते मला समजेना. तीन अधिक एक, चार साक्षीदार खोटे पडले, मग हे हसतात कशाला? अप्पाशास्त्री बसल्या जागी डोळे मिटून राहिले. मग हळूहळू, एकेक शब्द तोलावा तसे बोलायला लागले. दादासाहेबांचं हसू तोंडावरच वाळलं. राणीसाहेबांनी पदर डोळ्यांना लावला.

चौघांना माझ्यापुढे आणलं. तीन पळ्या मी थेंब न सांडता पाजल्या. चौथ्या वेळी निळो स्वतःच गुडघ्यावर बसला आणि त्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. तेल पोटात गेलं तशी त्याची मान एकदा ताणली, बस एवढंच.

मग अप्पाशास्त्री उठले आणि त्यांनी माझ्या कमरेची दिवाघराची किल्ली काढून घेतली.

मी त्यांचा हात धरला. "का?" मी खूण केली. "मी तर खरं सांगितलं! का?" त्यांनी नजर वळवली. राणीसाहेब सिंहासनाच्या पायऱ्या उतरून माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांना काहीतरी फार मोठं सांगायचं होतं, पण खुणा तीनच येत होत्या. भर दरबारात माझा हात हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "जेवलीस?"

मी हात सोडवून घेतला आणि निघाले.

गड उतरायला हजारभर पायऱ्या. निळो मागून येतोय हे मला सावलीवरून कळत होतं. त्याचे हात दिसू नयेत म्हणून मी पुढे पुढे चालत राहिले. मधल्या दरवाजापाशी तो धावत पुढे आला आणि वाटेत आडवा उभा राहिला. मी डोळे मिटले. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि ते आपल्या हातांवर ठेवले. बोलणारे हात हातांखाली आले की डोळे मिटूनही कळतं. त्याची आई रात्रीची त्याच्याशी तशी बोलायची, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"मी नळीत काय म्हणालो, ते तरी विचार."

"खोटं म्हणालास. मला दिसलं."

"काय खोटं म्हणालो?"

मी डोळे उघडले.

"तीन साक्षी पडल्यावर दादासाहेब उठले," तो सांगू लागला. "म्हणाले, दिवेकरणीचा आणि या निळोचा संबंध आहे, तिचे कौल रद्द करा. मला दगडावर उभं केलं. विचारलं, तुझं तिचं काही आहे का? मी म्हणालो, नाही. ती माझी कुणी नाही. माझा तिच्यावर जीव नाही."

"आणि चौकातली बोलणी?" मी विचारलं.

"चौकात बोलावून त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. हो म्हण, गाव इनाम देतो. नाही म्हटलंस तर ती स्वतःच तांबडा उचलेल. कसंही बोललास तरी तिचे कौल मेले. तू तांबडाच उचलावास म्हणून त्यांनी गोदीला तुझ्या कानी लावलं."

"तू मान हलवलीस. मी पाहिलं."

"विचार करतो म्हणालो. आणि विचार केला. हो म्हटलं असतं तर तीन खोटे साक्षीदार खरे ठरले असते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला प्रश्न आधीच कळला असता. मग ते बघणं उरलं असतं का?"

मी विचारलं, "आणि कौल?"

"राहिले. अप्पाशास्त्री म्हणाले, नियम कशासाठी? तर दिवेकरीण आपल्या माणसाला पाठीशी घालील म्हणून. हिनं तर त्याचाच आवाज घेतला. हिचे कौल खोटे मानायचे तर खरे कुणाचे? पण हिला जिव्हाळ्याचा माणूस आहे हे सिद्ध झालं, म्हणून दिवा काढून घेतला."

"मी पांढरा उचलणार होते, निळो. अर्धा उचलला होता."

तो खाली बघून हसला. "ते मला माहीत नव्हतं. बरं झालं. गोदीची साक्ष त्यांच्या हाताशी होती; पांढरा दिसला असता तर तू मला पाठीशी घातलंस असं ठरवून त्यांनी सगळे कौल पाडले असते. मी तुझ्या संशयावरच भिस्त ठेवून उभा होतो."

मी ओरडले असणार. कारण दरवाजाच्या कमानीतली कबुतरं एकदम उडाली आणि पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. मी निळोच्या गळ्यावर हात ठेवला. पूर्वी तो बोलायचा तेव्हा तिथे काहीतरी हलायचं, मांजराच्या पोटात हलतं तसं. मला तेवढाच त्याचा आवाज ठाऊक होता. त्यानं तोंड उघडलं, ओठ हलवले. गळ्यात काहीच हललं नाही.

"दुखतं?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्यानं सुधारलं, "थोडं."

त्याला आता चाळीस वर्षं झाली. गडाखालच्या गावात आम्ही वाती वळतो, आणि लोक आपली बहिरी मुलं आमच्याकडे हात शिकायला आणून सोडतात. माझा स्वभाव काही गेला नाही. निळोनं "जेवण झालं" म्हटलं तरी मी पातेल्याचं झाकण काढून बघते. पण एक गोष्ट मी त्याला पुन्हा कधी विचारली नाही. नळीला तोंड लावून म्हण, असं मी म्हणाले होते. त्यानं म्हटलं होतं, भर दरबारात, उलटं करून, आणि ज्योत तेलाला टेकली होती.

दरवर्षी त्या तिथीला तो देवघरातलं निरांजन लावतो आणि माझ्यासमोर ठेवतो. मग त्याच्याजवळ तोंड नेऊन ओठ हलवतो: ही माझी कुणी नाही. निरांजन साधं पितळेचं आहे, त्याला खरंखोटं काही कळत नाही. त्याची ज्योत ताठ राहते, आणि मी पदराखालचा तांबडा रुमाल काढून उंच धरते.